रिमोट विमानांची शर्यत: कमी खर्चात, पण जपून

शर्यतीचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर आधी वेगाला लगाम घालावा. सर्व स्पर्धकांनी एकाच मापाची मोटर, पंखा आणि तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी वापरावी, म्हणजे महागड्या सुट्या भागांची चढाओढ थांबते आणि जिंकणे हातावर अवलंबून राहते. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, त्यामुळे हा नियम सुरक्षेचाही आहे. विमान फोमचे असावे. ते मोडले तरी गोंदाने जोडता येते.

सांगली परिसरात ऊसतोडणीनंतरचे मोकळे रान मालकाच्या परवानगीने मिळू शकते, मात्र शेजारी उभा ऊस नको, कारण त्यात पडलेले विमान शोधण्यातच दिवस जातो. वीजतारा आणि रस्ताही दूर हवा. साताऱ्याकडे, विशेषतः कराडच्या विमानतळाजवळ, उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्राचा रंग पाहावा, म्हणजे तेथे उडवायला परवानगी लागते का ते कळते. कास पठार मात्र सोडूनच द्यावे.

वळणाचे खांब बांबूऐवजी हलक्या पीव्हीसी नळीचे उभारावेत. प्रेक्षकांना वळणाच्या बाहेरच्या बाजूस कधीही उभे करू नये, कारण ताबा सुटलेले विमान तिकडेच जाते. उडवण्यापूर्वी चाचणी म्हणून पंखा काढून, मोटर चालू असताना रिमोट बंद करावा. मोटर तत्काळ थांबली नाही, तर फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटताच मोटर थांबवणारी सोय) नीट बसवल्याशिवाय ते विमान उडवू नये. लिपो प्रति सेल 4.2 व्होल्टपेक्षा जास्त चार्ज करू नये, फुगलेली तर वापरूच नये, आणि चार्जिंग चालू असताना तेथून हलू नये.