दख्खनी लोकरीचं आसन: धुणं, कातणं, रंगवणं, विणणं

बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक या भागात माळावर जी काळी-करडी मेंढरं दिसतात ती दख्खनी जातीची. त्यांची लोकर जाड, केसाळ आणि टोचरी असते, म्हणून तिच्यापासून स्वेटर किंवा मफलर करायला गेलं की फजिती ठरलेली. पण याच लोकरीच्या घोंगडीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसली, झोपली आणि तीच डोक्यावरून घेऊन पावसात राखणीला गेली. म्हणजे खोट लोकरीत नसते, वस्तूच्या निवडीत असते. अंगाखाली जाईल, पायाखाली जाईल, हातात लटकेल असं काहीही तिच्यापासून करावं. गळ्याला लागेल असं काही करू नये. इथे क्रोशाचं गोल आसन घेतलं आहे, साधारण ४० सेंमी व्यासाचं. त्याला तयार सूत २०० ग्रॅम लागतं आणि त्यासाठी कच्ची लोकर अर्धा किलो तरी घ्यावी, कारण माती, काटे, कुसळं आणि तोकडे तुकडे यांत बरंच वजन जातं.

लोकर घेताना

मेंढ्या वर्षातून साधारण दोनदा भादरतात. धनगरवाड्यावर आधी सांगून ठेवलं तर भादरल्या भादरल्या लोकर मिळते. समोरचा कन्नड बोलणारा असला तर ‘उण्णे’ म्हणा, लगेच कळेल. रंग वेगवेगळे ठेवायला सांगा. काळी लोकर रंगवता येत नाही आणि रंगवायची गरजही नाही, ती तशीच देखणी असते. रंगवण्यासाठी पांढरट किंवा फिकी करडी बाजूला काढा. करडीवर चढलेला रंग पांढरीपेक्षा खोल दिसतो. पांढरी मिळाली नाही म्हणून हळहळू नका. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मिळाली तर ती वेगळी ठेवा. ती मऊ असते, आसनात वाया घालवू नये.

चिमूटभर लोकर ओढून बघा. तंतू दोन्ही टोकांनी धरून झटका दिल्यावर मध्येच तुटत असेल तर त्या मेंढीचं मध्ये आजारपण किंवा उपासमार झालेली असते, आणि असं सूत कातताना सतत तुटतं. एकाच जागी दोनदा कातर फिरल्यानं पडलेले बोटाच्या पेराएवढे तुकडेही काढून टाका. सुतात गुठळ्या होतात त्या बहुतेक यांच्याच.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रेलिकचे असतात. शंका आली तर एक धागा जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटानं चुरते. ॲक्रेलिक वितळून टणक मणी होतो. ॲक्रेलिकवर खाली दिलेला एकही रंग चढत नाही.

धुणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. लोकर आधी अंगणात पसरून हातानं मोकळी करा, झटका, काटे वेचा. नाकाला मास्क लावा. कच्च्या लोकरीत लेंड्यांची वाळकी धूळ असते. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. मग रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाणी चहासारखं झालेलं दिसेल, ते ओता आणि पुन्हा एकदा गार पाण्यातून काढा.

आता लोकर जाळीच्या पिशवीत सैल भरा. बादलीत १० लिटर पाणी सुमारे ५० अंशांचं करा, म्हणजे हात घातला तर फार वेळ ठेववणार नाही इतकं कढत. त्यात चार चमचे द्रव साबण, किंवा मूठभर रिठे उकळून गाळलेलं पाणी घाला. पिशवी नुसती दाबून बुडवा आणि २० मिनिटं हात लावू नका. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नळाखाली तर अजिबात धरायचं नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, होतो. तो परत सुटत नाही. विसळायचं पाणीही तेवढंच गरम ठेवा, कारण कढत्या पाण्यातून एकदम गारात टाकल्यावरही ती आवळते. दोनदा विसळून सावलीत जाळीवर वाळवा.

खानापूरकडे, आणि बेळगावातही, जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. लोकर चार-चार दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास धरतो. तेच अथणीकडे भर पावसाळ्यातही बऱ्याचदा जमून जातं.

पिंजणं आणि कातणं

घोंगडीसाठी लोकर कमानीवर पिंजत. घरी मात्र तारेचे दात असलेले दोन सपाट ब्रश पुरतात. कुत्र्याचे केस विंचरायला मिळतात तेही चालतात. एका ब्रशवर थोडीच लोकर लावा, इतकी की दात दिसत राहतील. दुसरा हलकेच उलट दिशेनं ओढा. दात दातांत घुसवू नका, तंतू तुटतात. तीन-चार वेळा झालं की लोकर उचलून पेन्सिलीवर गुंडाळा. झाला पेळू. २०० ग्रॅमला असे शंभरावर पेळू लागतील, एका बैठकीत उरकायचं काम नाही हे.

कापसाची पितळी टकळी इथे कामाची नाही, ती फार हलकी. जाड लोकरीला ३० ते ५० ग्रॅमची चाती, म्हणजे कातायची फिरकी, हवी. एक फूटभर लांब, बोटाएवढी गोल काठी घ्या. दोन जुन्या सीडी एकावर एक ठेवून काठीच्या खालच्या टोकापासून चार बोटं वर बसवा. सीडी साधारण १५ ग्रॅमची असते, त्यामुळे वजन बरोबर जमतं. सीडीचं भोक काठीपेक्षा मोठं असतं, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट करा. वरच्या टोकाला मधोमध पितळी हुक. हुक जरा जरी बाजूला गेला तरी चाती डुगडुगते आणि सूत एकसारखं येत नाही.

हुकाला हातभर दोरा बांधा, त्याच्या टोकाला पेळूतले थोडे तंतू जोडा आणि चाती उजवीकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवा. सगळी कला दोन हातांमधल्या अंतरात आहे. ते तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त असावं. कमी असेल तर कितीही ओढा, लोकर सरकत नाही, कारण तोच तंतू तुम्ही दोन्हीकडून धरलेला असतो. फार जास्त असेल तर सूत बारीक होऊन तुटतं आणि चाती पायावर येते. पीळ वरच्या हाताच्या पुढे पेळूत शिरला की तिथे गाठोडं बनतं. अशा वेळी चाती थांबवून दोन्ही हातांनी पीळ उलटा सोडवावा आणि मग ओढावं. सुरुवातीला चाती लोंबकळत सोडण्यापेक्षा ती फिरवून गुडघ्यांत धरा, पीळ साठवा, मग ओढा. हळू होतं, पण हात बसतो.

किती लांब कातायचं याचा एक मजेशीर हिशोब बेळगावच्याच इतिहासात आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदत्वाची वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत ठरलं होतं, म्हणजे १८०० मीटरहून थोडं जास्त. ते अर्थात कापसाचं. पुढच्याच वर्षी ती सक्ती ढिली झाली. तुमच्या आसनाला दोन पदरी सूत दीडशे मीटरच्या आसपास पुरेल.

एकपदरी दोन गुंडे झाले की ते दोन डब्यांत ठेवून त्यांचे धागे एकत्र करा आणि चाती या वेळी उलट, डावीकडे फिरवा. इथे नेहमीपेक्षा थोडा जास्त पीळ द्या, कारण उजव्या हातानं क्रोशा करताना असा पीळ थोडा सुटत जातो आणि सुई धाग्याच्या मध्ये घुसते. लडी करून चार ठिकाणी सैल आठ-आकडी गाठीनं बांधा, कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून दांडीवर टांगा.

रंग

रंग सुताला धरून राहावा म्हणून आधी तुरटी द्यायची: १०० ग्रॅम सुताला १२ ग्रॅम, किराणा दुकानातली खड्याची चालते. कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, ४ लिटर पाण्यात मिसळा, भिजवलेली लडी घाला आणि तासाभरात हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या. पाणी थरथरलं पाहिजे, उकळी फुटता कामा नये. पाऊण तास तसंच ठेवून भांड्यातच गार होऊ द्या. तुरटी जास्त घातली तर लोकर चिकट लागते. भांडं स्टीलचंच घ्या आणि पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी कढईत पिवळ्याचा काळपट हिरवा होतो.

दसरा-दिवाळीनंतर तोरणातला झेंडू फुकट मिळतो. १०० ग्रॅम सुताला वाळलेल्या पाकळ्या १०० ग्रॅम, ताज्या असतील तर तिप्पट-चौपट. तासभर उकळून गाळा, मगच लडी घाला, नाहीतर पाकळ्या वेचता वेचता दिवस जातो. कांद्याची टरफलं ५० ग्रॅम पुरतात. पिवळ्यापासून तांबूस सोनेरीपर्यंत रंग येतो. डाळिंबाची साल ५० ग्रॅम घेतली की मातकट पिवळा. त्याच लडीला शेवटी २ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) विरघळवलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, करडा-हिरवट होतो. हिराकस याहून वाढवू नका. लोखंडानं लोकर कडक आणि ठिसूळ होते, आणि आधीच टोचरी असलेल्या लोकरीला ते परवडत नाही.

लालसाठी मंजिष्ठा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. सुताइतकीच, १०० ग्रॅम. पूड फडक्यात बांधून रात्रभर भिजवा आणि आच मंद ठेवा. उकळलं की रंग विटकरीकडे झुकतो. बोअरच्या जड पाण्यात मंजिष्ठा बिघडत नाही, उलट खुलते.

हळद आणि बीट यांच्या नादी लागू नका. हळद उन्हात आठवड्याभरात उडते, बीट तर धुतानाच जातं. कुठल्याही रंगाचा भरवसा हवा असेल तर सुताची पट्टी पुठ्ठ्यावर गुंडाळून अर्धी झाका आणि दोन आठवडे खिडकीत ठेवा. रंगवल्यावर सुतात पांढरे ठिपके दिसले तर ती चूक तुमची नाही. मेंढीच्या अंगावरचे जाड ठिसूळ केस रंग नीट घेतच नाहीत.

आसन

सुई ६ किंवा ७ मिमी. काळं सूत मध्याला, रंगीत कडेला, किंवा उलट. सगळे मुके खांब घाला. हाच टाका इंग्रजी आकृत्यांत अमेरिकी पद्धतीनं ‘सिंगल’ आणि ब्रिटिश पद्धतीनं ‘डबल’ म्हणतात, त्यामुळे व्हिडिओ बघताना आधी पद्धत विचारून घ्या. पहिल्या वर्तुळात ६ खांब, दुसऱ्यात प्रत्येकात दोन म्हणजे १२, तिसऱ्यात एक सोडून एक वाढ म्हणजे १८. दर फेरीला सहाच वाढवायचे. २५ फेऱ्यांत १५० खांब होतात आणि हात फार सैल किंवा फार आवळ नसेल तर ४० सेंमी भरतात.

कड लाटांसारखी फुगली तर वाढ जास्त झाली आहे, वाटीसारखी वर आली तर कमी, किंवा हात आवळ. दोन फेऱ्या बिनावाढीच्या घालून फुगवटा बसतो. वाटी झाली तर मात्र उसवावंच लागतं. वाढ दर फेरीला त्याच जागी घेतली तर गोलाऐवजी षटकोन होतो, म्हणून एका फेरीआड ती तीन-चार खांब पुढे सरकवा. फेरीच्या पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर सहाव्या फेरीनंतर हिशोब हरवतो.

झाल्यावर ओलं करून पाटावर टाचण्यांनी ताणा आणि वाळू द्या. घोंगडीचे विणकर ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात. आसनाला तिची गरज नाही, पण याच सुताची उभी टोपली केली तर लिटरभर पाण्यात दोन चमचे चिंचोक्याची पूड शिजवून, गाळून आतून लावा. भिंती ताठ राहतात. अशी टोपली पावसाळ्यात कोरड्या जागीच ठेवावी, खळीला बुरशी येते.

कसर लागू नये म्हणून वेखंडाचा तुकडा कापडात बांधून ठेवतात. तो दूर ठेवतो, आतली अळी मारत नाही. लागलीच असेल तर वस्तू पूर्ण वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी गार असेपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.