आइसलँडमधे ब्लोतला जायचंय? मग हे वाचून जा

ब्लोत म्हणजे ओडिन, थोर, फ्रेया या जुन्या देवांसाठी सगळ्यांनी मिळून करायचा विधी. आइसलँडमधे 1972 ला आसात्रूवाल्यांनी, म्हणजे या देवांना मानणाऱ्यांनी, संघटना काढली, 1973 ला सरकारी मान्यता मिळाली. मला विचाराल तर उन्हाळ्यात थिंगवेटलिरला होणारंच गाठा, जुनी संसद तिथंच भरायची. जॅकेट न्याच, सगळं उघड्यावर असतं. आधी गोदी म्हणजे त्यांचे पुरोहित जुन्या कविता म्हणतात, मग शिंगाचा पेला एकेकाच्या हाती फिरतो, आपल्याकडे आला की देव, पूर्वज किंवा त्या भूमीचे रक्षक यांच्यातल्या कुणाच्या तरी नावानं मनापासून दोन शब्द बोलायचे, घोट घ्यायचा आणि शेजारच्याला द्यायचा. दारू चालत नसेल तर आधीच सांगून ठेवा. बळीबिळी काही नसतो, घाबरू नका. आणि प्लीज, वंशद्वेषवाले मिरवतात तसली चिन्हं घालून जाऊ नका, या संघटनेचा त्याला ठाम विरोध आहे.