जुन्या गाडीला जुळणारा इंजिनाचा स्टड कसा शोधावा

सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या हेडला धरून ठेवणारे स्टड, म्हणजे डोकं नसलेले आणि दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, पावसाने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने गंजतात आणि एक दिवस पान्याखाली कट्‌कन तुटतात. वडिलांच्या हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकलचा एक स्टड असाच गेला. दुकानात फक्त गाडीचं नाव सांगितलं, तर त्यांनी आटे पाडलेल्या लांब रॉडचा तुकडा कापून दिला. नट छान फिरला, मीही बसवून टाकला. महिन्याभरात रॉड ताणला, नट ढिला पडला आणि गाडी फटफट करू लागली. म्हणून सांगतो, दुकानात जायच्या आधी स्टड नीट मोजा.

त्यासाठी तो अख्खा बाहेर यायला हवा. बुडाशी गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून उलटा फिरवा. अडला तर जोर करू नका, हेड थोडं गरम करून पुन्हा बघा. हेडच्या बरोबरीने तुटला असेल तर घरच्या ड्रिलने खोदायला जाऊ नका. ड्रिल वाकडं गेलं की अॅल्युमिनियम कायमचं खराब होतं. ते काम लेथवाल्याचं.

स्टड निघाला की आत असलेल्या टोकाला रंगाचा ठिपका द्या. मग कागदावर लिहून घ्या: एकूण लांबी, दोन्ही टोकांच्या आट्यांची लांबी वेगवेगळी, मधल्या कोऱ्या भागाची जाडी. राहिली पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. साध्या मेट्रिक मापात 6 मिमीच्या स्टडची पिच 1 मिमी असते, 8 मिमीची 1.25. पण जुन्या बुलेटचा घाट इंग्लंडचा, त्यामुळे तिच्यात इंची आटे भेटतात. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, व्हर्नियरवर, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीवर, हुबेहूब 8 वाटतो. त्यात मेट्रिक नट दोन-तीन फेरे जातो, मग जड होतो आणि आटे खाऊन टाकतो. पिच गेज नसेल तर ओळखीच्या मापाचा नवा बोल्ट स्टडला आडवा टेकवून उजेडाकडे धरा. आट्यात आटा बसला आणि मधून उजेड दिसला नाही, तर पिच तीच.

आता शोध. आधी कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि त्याच घराण्यातल्या पुढच्या मॉडेलचा स्टड मागा. सीडी हंड्रेडसाठी मी स्प्लेंडरचाच मागतो, दोघींचं इंजिन एकाच वळणाचं. तरी काउंटरवरच कागदाशी ताडून घ्या. तिथे नाही मिळाला तर नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत विचारा. 8.8 ग्रेडचं (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) मटेरियलच मागा. साध्या रॉडला तेवढी ताकद नसते, माझा रॉड ताणला तो याच कारणाने.

कुठेच नसेल तर हिंगणा एमआयडीसीकडे लेथवर करून घ्या. मी गेलो तेव्हा टर्नरने माप ऐकायच्या आधी हात पुढे केला, "भाऊ, नमुना आणला का?" जुना तुकडा दिल्यावर त्याने आधी त्यावर नट फिरवून बघितला, मग मशीन लावलं. 8.8 चा लांब बोल्ट सोबत न्या, त्यातूनच स्टड निघतो. एकाऐवजी चार करून घ्या, मशीन लावायची मेहनत तेवढीच.

बसवताना आतले आटे साफ करा. स्टड हाताने शेवटपर्यंत जायला हवा. अॅल्युमिनियममध्ये जाडीच्या किमान दीडपट धरला पाहिजे, 6 मिमीचा असेल तर 9 मिमी. आतले आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या, जाड स्टड ठोकू नका. पाइपचं गॅस्केट नवं टाका आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. 6 मिमीला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे. लहान पाना दोन बोटांनी ओढला तरी तेवढं होतं. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, इंजिन गार असताना, नट पुन्हा एकदा तपासा. उरलेले स्टड आणि मापाचा कागद गाडीच्या टूल किटमध्येच ठेवा.