चैत्रात मुलांना घेऊन बाहेर पडताय? या चुका टाळा

वसंतातली सहल बिघडते ती बहुतेक वेळा घरातून निघण्याआधीच. सहल म्हटली की आपल्या डोक्यात दिवाळीच्या सुट्टीतली सहल असते. आरामात आवरायचं, वाटेत नाश्ता, दुपारी कुठेतरी थाळी, अंधार पडायच्या आत परत. फाल्गुन-चैत्रात हे चालत नाही. या दिवसांतली सहल सकाळची असते. साडेदहाला ती तुम्ही संपवा, नाहीतर ऊन संपवेल. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यातल्या निम्म्या तरी एवढं मान्य न केल्यामुळे होतात.

"परीक्षा होऊ दे, मग निवांत जाऊ"

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये लांबतात, निकाल 1 मेच्या आसपास लागतो. तोवर झाडांनी आपलं उरकलेलं असतं. काटेसावर जानेवारीअखेरीपासून फुलायला लागते, पांगारा आणि पळस फेब्रुवारी-मार्चात. कुसुंबाची ती लालभडक पालवी मार्चात थोडेच दिवस दिसते, मग हिरवी होऊन जाते. मे महिन्यात गेलात तर बहावा आणि ताम्हण भेटतील, आणि तेही काही कमी नाहीत. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प. पण पळस बघायचा राहिलेला असतो.

एका रविवारची सकाळ अभ्यासातून काढली म्हणून कुणाचे मार्क जात नाहीत. फक्त लांब जाऊ नका. मुलं लहान असतील तर जाताना दीड तासापेक्षा जास्त प्रवास नको, म्हणजे मुंबईहून कोकण एका दिवसात वगैरे नाही. पुण्यात वेताळ टेकडी आहे, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे (सोमवारी बंद असतं, दरवेळी कुणीतरी फाटकावरून परत येतं). विदर्भातल्यांना तर शहराची हद्द ओलांडली की पळस दिसतो, पण तिथे मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्यांनी नऊलाच परतीचा रस्ता धरावा.

उशिरा निघणं

साडेपाचला निघायचं म्हणजे आदल्या रात्री सगळं दाराशी ठेवायचं. सकाळी पोहे करून, खाऊन, भांडी घासून निघणारं घर नऊच्या आत निघत नाही, हे आपल्याला माहीत असतं तरी आपण तोच बेत करतो. मुलांना झोपेतच गाडीत टाका, कपडे तिथे बदलता येतात. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांचा चहा थर्मासमध्ये घ्या, नाहीतर पहिल्या टपरीला अर्धा तास जातो.

खाणं रात्रीच करून ठेवता येईल असं हवं. गुळाच्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे, संत्री, काकडी. ओल्या नारळाची चटणी, दहीभात, मेयोनीज लावलेली सँडविचं नकोत. उन्हात ठेवलेल्या गाडीत त्यांचं काय होतं ते दुपारी पोटात कळतं.

पाणी, ऊन आणि गप्प झालेलं मूल

मोठी माणसं तहान लागली की पाणी मागतात. खेळणारं मूल मागत नाही, चिडचिड करतं. त्यामुळे "तहान लागली का?" असं विचारत बसू नका. दर वीस मिनिटांनी बाटली हातात द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी द्यायचं नाही, आईचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्यायचं.

टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. औषधाच्या दुकानात मिळणारी, पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेली पावडर घ्या. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर ती एक लिटरमध्येच घाला. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने टाकणं ही घरोघरची चूक आहे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आता बिघडलं तर काय. डोकं दुखतंय, मळमळतंय, घाम खूप येतोय, तीन-चार तासांत शू झाली नाही, झाली तीही गडद पिवळी, असं असेल तर खेळ बंद. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, घोट घोट ओआरएस पाजा. तासाभरात मूल ठीक होतं. पण अंग तापलंय, मूल असंबद्ध बोलतंय, नीट उभं राहत नाही किंवा दंगेखोर पोर अचानक एकदम गप्प झालंय, तर तो उष्माघात धरून चाला. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच ओलं घेऊन दवाखान्याकडे निघा. या तापावर पॅरासिटामॉल चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीही घालायचं नाही.

आणि गाडी. "झोपलंय तर झोपू दे, काच थोडी खाली केलीय" असं म्हणून मुलाला गाडीत ठेवून पाच मिनिटांसाठीही जायचं नाही. बाहेर 35 अंश असताना बंद गाडीत तासाभरात पारा 50 च्या वर जातो, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काच चार बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

घाटातल्या उलट्यांबद्दल थोडक्यात. रिकाम्या पोटी नेऊ नका, तुडुंब भरवूनही नको. मोबाईल काढून घ्या, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. प्रवासात सर्रास दिली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसते.

"बघ, किती सुंदर!"

या वाक्यावर सात वर्षांचं मूल एकदा वर बघतं आणि "आता खेळू?" असं विचारतं. त्याचं काही चुकत नाही. झाड लांबून बघायची हौस आपली असते, मुलाला ते हातात हवं असतं.

पळसाखाली बसा. खाली पडलेलं फूल उचलायला सांगा. देठाकडची काळपट हिरवी टोपी मखमलीसारखी लागते, तिच्यावरून बोट फिरवू द्या. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते, ती हळूच उकलली की आत केसर दडलेले सापडतात. तळाशी मधाचा थेंब असतो. त्यासाठीच मैना, साळुंक्या, भोरड्या, शिंजीर सकाळी त्या झाडावर भांडत असतात, आणि एक खार तरी असतेच. झाडावर एकही पान नाही हे मुलाच्या लक्षात आलं की "पळसाला पानं तीनच" ही म्हण सांगा आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच झाडापाशी आणून मोजायला लावा. मुलं डोळ्यांत तेल घालून मोजतात.

फांद्या मात्र मोडू देऊ नका, रीलसाठीही नाही. रंग करायचा असेल तर पडलेली फुलंच पिशवीत भरा. रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की केशरी रंग उतरतो, धुळवडीला नाही तर रंगपंचमीला कामी येतो.

हाताळू द्यायचं म्हणजे काय हाताळायचं नाही हे आधी सांगावं लागतं. रस्त्याकडेची रुई या दिवसांत फुललेली असते आणि तिच्या कळ्या फटकन फोडायला मुलांना फार आवडतं. तो चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसायचं धूसर होतं. लगेच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, सुरुवातीला दुखत नसलं तरी. कोकणात काजूचं बोंड खायला द्या, पण ओली बी दाताने फोडू देऊ नका, तिच्या सालीतलं तेल ओठ भाजून काढतं. आणि सह्याद्रीच्या पायवाटांवर वाळलेल्या खाजकुइलीच्या सोनेरी केसाळ शेंगा लोंबत असतात. लागलीच तर चोळायचं नाही, चोळलं की कुसळं आत जातात. चिकटपट्टी किंवा कणकेचा ओला गोळा त्वचेवर दाबून उचलत राहा, कुसळं निघून आली की मग धुवा.

गडावरची मोहोळं

यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे चूक एकाची असते आणि भोगतात शंभर जण. झाडं फुललेली असतात त्याच काळात आग्या मोहोळंही भरात असतात. कड्याच्या पोटाला, लेण्यांच्या छताला, उंच सावरीच्या फांदीला, जुन्या पाण्याच्या टाकीखाली परातीएवढं काळपट पोळं लोंबत असतं. शिवनेरीवर पर्यटकांवर मधमाश्या तुटून पडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, इतर गडांवरच्याही वाचतो. कारणं दरवेळी तीच निघतात. कुणीतरी दगड मारलेला असतो, कुणी चूल पेटवून धूर केलेला असतो, फटाका नाहीतर ड्रोन उडवलेला असतो, उग्र अत्तर मारलेलं असतं. चूल तर या दिवसांत डोंगरावर पेटवायचीच नाही. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीत वणवा लागतो.

गडावर पोचल्यावर आधी स्थानिक माणसाला विचारा, "मोहोळ कुठं आहे?" ताक विकणाऱ्या मावशींना हे नेमकं माहीत असतं. त्या वाटेने गेलातच तर मुलांना शांत न्या.

माश्या उठल्या तर हात झटकत उभं राहू नका. तोंड आणि डोकं ओढणीने झाका, लहान मुलाला छातीशी धरून त्याचा चेहरा झाका आणि सरळ लांब निघा. पोळ्यापासून दूर, शक्यतो गाडीत किंवा बंद खोलीत, पण कड्याचं भान ठेवून. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी पोचल्यावर नांगी लगेच नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. ती जितका वेळ आत राहील तितकं विष उतरत राहतं, आणि तिच्या वासाने आणखी माश्या येतात. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ जातो. गार पाण्याची पट्टी पुरे. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली, उलट्या झाल्या किंवा डंखच दहा-बाराच्या वर असतील, तर 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. वाट बघू नका.

गडावर बसताना दगड उलटवू नका, हेही इथेच सांगतो. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना जास्त बाधतो. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर मांत्रिक नाही, सरकारी दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्याला आता कित्येक वर्षं झाली. औषध आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

होळीच्या जोड-सुट्टीत समुद्र

इथे लोक हॉटेलचं बुकिंग दोन महिने आधी करतात आणि भरती-ओहोटी बघत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. पाडवा म्हणजे प्रतिपदा, तर पाऊण वाजता. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. म्हणजे होळीपौर्णिमेला आणि गुढीपाडव्याला सकाळी सहा-सातला किनारा लांबच लांब मोकळा मिळतो, शिंपले-खेकडे बघायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पण अकराच्या सुमाराला पाणी वर सरकलेलं असतं, आणि या तिथींना उधाणाची भरती असल्याने ते नेहमीपेक्षा बरंच वर येतं. वाळूवर उभी केलेली एसयूव्ही ट्रॅक्टरने ओढून काढण्याचा कार्यक्रम गावकऱ्यांना दर मोसमात फुकट बघायला मिळतो.

हा ढोबळ हिशेब झाला. पाण्यात उतरायचं असेल तर भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघा, गावातल्या कोळ्यांना विचारा. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ जबर असते, तिथे गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका.

"एवढं लांब आलोय, थोडं थांब ना"

मूल साडेआठला "घरी जाऊ" म्हणालं तर पेट्रोलचा हिशेब त्याला सांगू नका. अर्धा तास नुसतं बसू द्या, खायला द्या, तरीही कंटाळा गेला नाही तर निघा. उजनी जलाशयाकाठी भिगवणला रडवून दाखवलेला फ्लेमिंगो त्याच्या लक्षात राहत नाही, रडणं राहतं. भिगवणचं निघालंच आहे म्हणून सांगतो, तिथे पक्षी बोटीतून बघतात, तेव्हा मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट असेल तरच बोटीत बसा, आणि पक्षी उडवून दाखवायला नावाड्याला सांगू नका. ते उथळ पाण्यात खात असतात, परतीच्या प्रवासाआधी त्यांना ते खाणं लागतं.

घरी आल्यावर आधी अंघोळ. त्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली नाही ना ते बघा. असेल तर चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, मेणबत्ती वगैरे नको. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. कपडे बाहेरच झटका आणि बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळे भिजवा, खाजकुइलीच्या वाटेने आला असाल तर नक्कीच.