थंडीत तिलापियाचं बीज सांभाळताना

दिवाळी उलटली की हॅचरीतल्या हाप्यांचं, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेट्यांचं, पाणी पहाटे गार पडू लागतं. तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, उबदार पाण्यातली मासळी. २७ ते ३० अंशांत तिची पिल्लं, म्हणजेच बीज, जोमाने वाढतात, २० च्या खाली वीण जवळपास थांबते आणि १०-१२ अंशांवर मरतूक सुरू होते. म्हणून सकाळी सहाला आणि दुपारी तीनला तापमापी पाण्यात धरून आकडा वहीत लिहा. हवा किती गार आहे यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका.

सर्व-नर बीजाची, म्हणजे सगळी पिल्लं नर केलेल्या बीजाची, नवी बॅच डिसेंबर-जानेवारीत उघड्या हाप्यात घेऊच नये, असं आमचं मत. पिल्लं ९ ते ११ मिमीची असताना खाद्याच्या किलोला ६० मिलिग्रॅम मिथिल टेस्टोस्टेरॉन (पिल्लांना नर बनवणारं संप्रेरक) घातलेलं खाद्य २१ ते २८ दिवस त्यांच्या पोटात जावं लागतं. गारठ्यात ती खातच नाहीत, मग मात्रा अपुरी पडते आणि बऱ्याच माद्या तशाच राहतात. पुढे तळ्यात त्या विणीला येतात, पिल्लावळ माजते आणि विक्रीजोगा मासा तयारच होत नाही. शेडमध्ये रात्रंदिवस २६ अंश टिकत असतील तर गोष्ट वेगळी. हे खाद्य कालवताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

आहे ते बीज मार्चपर्यंत जगवायचं असेल तर टाकीवर रात्री प्लॅस्टिक ओढा. बोअरचं पाणी पहाटे तळ्यापेक्षा कोमट असतं, पण त्यात प्राणवायू कमी. उंचावरून धबधब्यासारखं पाडूनच आत घ्या. खाद्य सकाळी अकरानंतर, उन्हात. पाणी २० च्या खाली गेलं की निम्मं करा, १६ च्या खाली बंद. उरलेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढवतं.

प्रतवारी थंडीआधीच उरकून घ्या, कारण मोठी पिल्लं लहानांना गिळतात. गार पाण्यात जाळं ओढलं की अंगावरचा चिकट थर निघतो आणि कापसासारखी बुरशी धरते. हाताळावंच लागलं तर दुपारी हाताळा आणि १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम खडेमीठ विरघळवून पिल्लांना दहा मिनिटं त्यात ठेवा.

तिलापियासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. सांडव्यावर बारीक जाळी बसवा आणि ती दर आठवड्याला तपासा. ओढ्यात सुटलेलं पिल्लू परत आणता येत नाही.