दिवाळीनंतरच रंगवा: मुंबईच्या घरात मिग-२१चं मॉडेल कसं बनवावं

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३पासून हवाई दलात असलेलं, नाशिकजवळ ओझरला तयार झालेलं हे लढाऊ विमान. त्या आठवड्यात ओळखीच्या तिघांनी मला एकच विचारलं, ‘तू बनवतेस तसलं मॉडेल आम्हाला जमेल का?’ जमेल. कसब हळूहळू येतं. नवशिक्याचं विमान बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: भाग चुकीच्या क्रमाने चिकटवले, किंवा दमट हवेत रंग मारला. दुसऱ्या कारणावर मुंबईत एकच उपाय आहे, तो म्हणजे कॅलेंडर. कापणं, जोडणं, घासणं पावसाळ्यात उरकायचं आणि स्प्रे दिवाळीनंतर हातात घ्यायचा.

किट निवडताना

पहिल्यांदा १:७२ माप घ्या. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वासात मीटरांच्या आतले, या मापात ते दहा सेंटीमीटर होतात, म्हणजे विमान तळहातावर मावतं. १:४८मध्ये तेच पंधरा सेंटीमीटर. त्यात कॉकपिट सुरेख दिसतं, पण मुंबईतल्या घरात फळीवरची जागा कुणाला मागणार?

खोक्यावर नुसतं ‘मिग-२१’ वाचून पैसे देऊ नका. आपल्याकडे एफएलपासून बिस आणि बायसनपर्यंत बरेच प्रकार होते. एफएलची पाठ सडपातळ, बिसची भरदार, त्यामुळे एकाच्या किटवर दुसऱ्याचे नंबर चिकटवले की जाणकार लगेच हसतात. चेक कंपनी एडुआर्डची किटं अगदी नेमकी असतात, पण भाग इतके की पहिल्यांदा बनवणारा घाबरतो. सुरुवातीला कमी भागांचं साधं किट बरं. परदेशी किटांत भारतीय डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची चिन्हं आणि नंबर, बहुधा नसतात, ती वेगळी मागवावी लागतात. हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो, एवढं मागवताना तपासा.

सामान

प्लास्टिक कापायची बारीक कटर, धारदार हॉबी नाइफ, चिमटा, मास्किंग टेप, मॉडेलचा पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) आणि ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) घ्या. एवढ्यावर काम सुरू होतं. नखं घासायची बफर-पट्टी मी लोकलच्या लेडीज डब्यात घेते. हॉबीच्या दुकानातल्या महागड्या सँडिंग स्टिकचं काम ती निम्म्याहून जास्त करते. भाग ठेवायला काठ असलेलं स्टीलचं ताट घ्या आणि मांडीवर पंचा पसरा. चिमट्यातून उडालेला भाग पंच्यात पडला तर सापडतो. लादीवर गेला तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून शोधत बसायचं.

धुवा, कापा, लावून बघा

भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमांना जोडलेले येतात त्या सगळ्या फ्रेमा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून वाळवा. कारखान्यात साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे रंग सुटतो. भाग फ्रेमवरून कधीही पिरगाळून तोडू नका. आधी कटरने थोडं लांबून कापा, मग उरलेला ठिपका सुरीने तासा आणि घासा. प्रत्येक जोड सिमेंट न लावता एकदा जुळवून बघायचा, याला ड्राय फिट म्हणतात. कंटाळवाणं आहे, पण माझ्या निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात.

कॉकपिट आधी, कारण विमानाचे दोन अर्धे मिटले की आत हात जात नाही. मिगच्या कॉकपिटचा रंग निळसर हिरवा, थोडा मोरपिशीकडे झुकणारा असतो. तो वाळला की ब्रशवर अगदी किंचित करडा घ्यायचा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकाच फिरवायचा. बटणं आणि कडा आपोआप उठून दिसतात.

नाकात वजन

नवशिके हमखास विसरतात ते हे. मिगचं बरंचसं प्लास्टिक मागच्या चाकांच्या मागे येतं, म्हणून नाक हलकं राहिलं तर विमान शेपटीवर बसतं. किटच्या कागदावर किती ग्रॅम घालायचे ते लिहिलेलं असतं. त्याहून थोडं जास्तच घाला. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम. नाकाच्या टोकदार शंकूत आणि कॉकपिटच्या पुढे जिथे जागा मिळेल तिथे त्या बसवा. चिकटवायला इपॉक्सी किंवा सुपरग्लू वापरा, फेविकॉल नको. पांढऱ्या ग्लूमध्ये शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांनी नाक आतून उकलतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि गोळ्या मुलांपासून लांब ठेवा.

जोडणी आणि सांधे

पातळ सिमेंट दोन भागांच्या मध्ये चोपडायचा नसतो. अर्धे जुळवून धरा आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. सिमेंट आपोआप फटीत ओढला जातो, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. सांध्यावर बोट असेल तर सिमेंट बोटाखाली पसरतो आणि ठसा कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या विमानाच्या पोटावर माझा अंगठा अजून आहे, पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्पष्ट. थोडं दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर आली तर चांगलंच, फट भरली. टेपने बांधून रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी ती कड घासून सपाट करा. उरलेल्या फटीत मॉडेलची पुट्टी भरा. रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात तसंच काम, फक्त दातकोरणीच्या टोकाने. घासताना पुसलेल्या पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषा, टेपचा आधार देऊन सुईने पुन्हा कोरा.

कॉकपिटवरच्या पारदर्शक काचेला सुपरग्लू लावायचा नाही, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. फेविकॉलची जागा इथे आहे, तो वाळला की पारदर्शक होतो. काच लावली की तिच्यावर रंग जाऊ नये म्हणून टेप बसवून चौकटीच्या कडेने सुरीने कापा.

आता हवेकडे बघा

एका जुलैत उघडीप बघून मी जग्वार विमानाच्या मॉडेलवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला. दहा मिनिटांत तो पिठूळ पांढरा पडला. स्प्रेमधलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या रंगात उतरतो. म्हणून एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. आकडा सत्तरच्या वर असेल तर मी डबा हातात घेत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. त्यातही सकाळ बरी, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर दमटपणा आणि धूळ येते. स्प्रेचा डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. डबा गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही ठेवू नका.

मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात फवारा, खिडकी उघडी, पंखा बंद. तोंडाला सॉल्व्हंटच्या वाफेसाठी असलेला, फिल्टरचं काडतूस बसवलेला मास्क हवा, कापडी मास्क वाफ अडवत नाही. जवळपास देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला नसावा. आणि सोसायटीच्या पॅसेजमध्ये तर नकोच, वासावरून मीटिंगमध्ये विषय निघतो.

प्रायमरचे दोन-तीन विरळ हात द्या. करड्या प्रायमरवर राहिलेली प्रत्येक फट दिसते. ती भरा, घासा, पुन्हा मारा. धातूचा चकचकीत रंग मिगला शोभतो खरा, पण तो एकही ओरखडा लपवत नाही, म्हणून पहिल्या खेपेला बायसनसारखा करडा मॉडेलच निवडा. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर रंग दुधासारखा पातळ करून १५ पीएसआयच्या आसपास दाब ठेवा. फिकट रंग आधी, गडद नंतर. फिकटावर मास्किंग टेप लावण्याआधी एक रात्र जाऊ द्या, नाहीतर टेपबरोबर रंगही निघेल.

डिकॅल आणि मळ

रंग वाळला की सगळ्यावर ग्लॉस वार्निश द्या. मॅट पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. एकेक डिकॅल कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, मग बाहेर काढून मिनिटभर थांबा. कागदावरून आपणहून सरकलं तरच न्यायचं. जागेवर बसलं की ओल्या ब्रशने पाणी बाहेर ढकला आणि वर सॉफ्टनर, म्हणजे डिकॅल मऊ करणारं द्रावण, लावा. ते सुरकुततं तेव्हा छातीत धस्स होतं, पण बोट लावू नका, वाळताना ताणून पॅनेल रेषांत उतरतं. राहिलेली डिकॅल सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा.

डिकॅलवर पुन्हा ग्लॉसचा हात, मग विमान वापरातलं दिसावं म्हणून मळ. काळपट तपकिरी ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करून रेषांत सोडा. अर्ध्या तासाने कापडाने हवेच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. किती मळवायचं हे ठरवायला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊन या. तिथे जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आराखडा केलेलं, १९६१ला पहिल्यांदा उडालेलं आपलं मरुत हे लढाऊ विमान उभं आहे. दहा पावलं मागे सरका, बहुतेक रेषा दिसेनाशा होतात. मॉडेलवर प्रत्येक रेष काजळ घातल्यासारखी काळी करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. शेवटी मॅट वार्निश.

नाजूक भाग

चाकं, दारं, क्षेपणास्त्रं आणि नाकापुढची लांब पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजायला असते ती) सगळ्यात शेवटी लावा. प्लास्टिकची नळी मोडतेच. मी तिच्या जागी न वापरलेली, टोक बोथट केलेली इंजेक्शनची सुई बसवते. ती वाकते, तुटत नाही.

विमान काचेच्या कपाटात ठेवा, पश्चिमेच्या खिडकीपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. फोडणीचा धूर बसला की धूळ चिकट होते आणि मग मेकअपच्या मऊ ब्रशनेही निघत नाही.