बोगद्याच्या आतून जमिनीची पारख कशी करावी

कोल्हापूरहून करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाट उतरताना सह्याद्रीचे काळ्या पाषाणाचे थर एकावर एक चढलेले दिसतात. दख्खनच्या अशा खडकात दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळदा विटकरी रंगाचा मातकट पट्टा असतो. त्याला आपल्याकडे गेरू आणि अभियंते ‘रेड बोल’ म्हणतात. प्रस्तावित कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गासारख्या कामात बोगदा अशाच थरांमधून काढावा लागतो. डोंगरावरून घेतलेली बोअर एकमेकींपासून दूर असल्यामुळे मधल्या खडकाची खात्री आतूनच करून घ्यावी लागते. पुढील माहिती साइटवर नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांसाठी आहे.

ब्लास्टनंतर धूर पूर्ण निघून वायूची तपासणी झाल्याशिवाय आणि सैल दगड पाडण्याचे, म्हणजे स्केलिंगचे, काम संपल्याशिवाय फेसजवळ (खोदाई चालू असलेल्या टोकाच्या खडकाच्या भिंतीजवळ) जाऊ नये. त्यानंतर शॉटक्रीट (खडकावर दाबाने फवारलेले काँक्रीट) होईपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यातच निरीक्षण उरकावे. फेस पाण्याने धुऊन घ्यावा, एका बाजूने प्रखर दिवा लावावा म्हणजे भेगा सावलीमुळे उठून दिसतात, आणि चेनेज (बोगद्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर), तारीख, थरांच्या सीमा, जॉइंटची (खडकातील भेगांची) दिशा व त्यांत भरलेली माती कागदावर रेखाटावी. फोटो अवश्य काढावा. पण हातोडीच्या आवाजातला फरक फोटोत येत नाही. निरोगी बेसाल्ट खणखणीत वाजतो आणि फुटायला अनेक घाव घेतो; पोकळ किंवा कुजका खडक बद्द आवाज करतो; जो खडक चाकूने सोलता येतो, तो अगदी कमजोर समजावा.

भेगांच्या मोजणीवरून आरक्यूडीचा (खडक किती अखंड आहे ते सांगणाऱ्या टक्केवारीचा) अंदाज काढता येतो: एका घनमीटरमध्ये येणाऱ्या जॉइंटची संख्या ३.३ ने गुणून ती ११५ मधून वजा करावी, आणि उत्तर १०० च्या वर गेल्यास १०० धरावे. मात्र दख्खनच्या खडकात या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. पोकळ्यांत झिओलाइट हे खनिज भरलेला बेसाल्ट, टफ ब्रेक्शिया (ज्वालामुखीची राख व दगडांचे तुकडे एकत्र घट्ट झालेला खडक) आणि गेरू यांत भेगा कमी असतात, त्यामुळे आरक्यूडी उत्तम येतो, पण त्यांतील काही खडक उघडे पडल्यावर हवा-पाण्याने झपाट्याने खचू लागतात. म्हणून शंका येईल त्या थराचे मुठीएवढे दोन तुकडे घ्यावेत, एक ओलसर असतानाच आणि दुसरा नीट वाळवून पाण्याच्या बादलीत सोडावा. कडा सुटून तळाला लाल गाळ बसू लागला, तर त्या भागाला शॉटक्रीटचा पहिला थर देण्यात एक पाळीचाही उशीर करू नये. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना मूळचा ओलावा टिकेल असा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून द्यावा.

पुढचा खडक अजमावण्यासाठी फेसमधून २० ते ३० मीटर लांबीचे प्रोब होल मारतात आणि पुढचे होल आधीच्याची काही मीटर लांबी शिल्लक असतानाच घेतात. ड्रिलचा वेग, बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग आणि ते पाणी अचानक नाहीसे होणे, या तीन गोष्टी ऑपरेटरशेजारी उभे राहून मीटरगणिक लिहाव्यात. रॉड एकदम पुढे धावला आणि पाणी लाल झाले, की गेरू लागला असे बहुधा समजावे. आपल्याकडे थर जवळजवळ आडवे असल्याने केवळ समोर मारलेले होल फसवू शकते: बोगदा आणि थर यांच्या उतारात १०० ला १ एवढाच फरक असेल, तर क्राउनच्या (बोगद्याच्या छताच्या माथ्याच्या) एक मीटर वर असलेला गेरू क्राउनपर्यंत यायला १०० मीटर लागतात आणि तोवर समोरचा फेस धडधाकट दिसत राहतो. यासाठी क्राउनमधून वरच्या बाजूलाही तीन-चार मीटरची होल घ्यावीत. छतावर लटकलेला पातळ थर खाली येतो तो गेरूच्या सांध्यावरून सुटून.

पाणी मोजताना ड्रिलिंगचे पाणी आधी बंद करावे. दहा मीटर लांबीतील गळती एकत्र करून बादली आणि घड्याळाने मोजली तरी पुरते. बिएनियाव्स्की यांच्या आरएमआर पद्धतीत (खडकाला गुण देऊन त्याची प्रत ठरवण्याच्या पद्धतीत) पूर्ण कोरड्या बोगद्याला पाण्याचे १५ गुण मिळतात, तर मिनिटाला १२५ लिटरच्या वर गळती असल्यास शून्य. गगनबावडा-राधानगरीच्या पावसात मे महिन्यातला कोरडा भाग जुलैत ठिबकू शकतो, म्हणून उन्हाळ्यात दिलेले पूर्ण गुण पावसाळ्यात पुन्हा तपासावेत.

बोगद्याच्या तोंडाजवळच्या मुरूम, माती आणि जांभ्याच्या भागात हे गुणांकन फारसे कामाचे नाही. तिथे मऊ मातीसाठी पॉकेट पेनेट्रोमीटर (मातीत टोचून तिची ताकद मोजणारे छोटे उपकरण) वापरावा आणि खोदाईची एका वेळची लांबी कमीच ठेवावी.

शेवटी, क्राउनवर आणि दोन्ही भिंतींवर खुणेचे बोल्ट बसवून त्यांतील अंतर टेप एक्स्टेन्सोमीटरने किंवा टोटल स्टेशनने मोजावे. फेस पुढे सरकण्याआधीच पहिले वाचन झाले पाहिजे, कारण त्याआधी झालेली हालचाल पुन्हा मोजता येत नाही. रोजची हालचाल घटत जाऊन थांबली तर आधार पुरेसा आहे. फेस पुढे गेला नसतानाही हालचाल वाढत राहिली, तर माणसे बाहेर काढून जादा रॉक बोल्टचा (खडक बांधून धरणाऱ्या सळ्यांचा) निर्णय त्याच पाळीत प्रकल्पाच्या भूवैज्ञानिकाकडून घ्यावा.